1901 चा सभात्याग रयतेसाठी होता की सावकारासाठी? (मुंबई कायदे कौन्सिलाची पहिली चाळीस वर्षं)

जुनी-वही (धागा सुरू करणारी)

ऑगस्ट 1901. सरकारचा पावसाळी मुक्काम नेहमीप्रमाणे पुण्यात. कौन्सिल हॉलमध्ये मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाची बैठक भरली आहे, अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट. समोर जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं बिल. फिरोजशहा मेहता उपसूचना मांडतात, की एवढी घाई नको, बिल पुढे ढकला, लोकांचं म्हणणं येऊ द्या. उपसूचना सरकारी मतांवर पडते. मेहता उठतात आणि सभागृहाबाहेर चालू लागतात. त्यांच्यामागोमाग भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि पस्तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले. जाताना गोखल्यांनी सांगितलं, की हे पाऊल मी मोठ्या नाइलाजाने उचलतोय, यात कौन्सिलाचा अनादर नाही.

आपल्याकडच्या कायदेमंडळातला हा पहिला सभात्याग. शाळेत मला कुणी शिकवला नाही. पहिल्यांदा वाचला तो ग्रंथालयातल्या जुन्या छापील इतिवृत्तात. पानं इतकी ठिसूळ झालेली, की उलटताना कडेचा चुरा बोटांना लागत होता. त्यात प्रत्येक नावाआधी ‘ऑनरेबल’ आणि प्रत्येक नाराजीआधी नम्रतेचा एक परिच्छेद. त्या सगळ्या अदबीतून पाच माणसं उठून जाताना दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. 1861 च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांना कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला. मुंबईची पहिली बैठक 22 जानेवारी 1862 ला टाऊन हॉलमध्ये झाली, म्हणजे आज एशियाटिकच्या पायऱ्या चढून आपण जिथे जातो तिथे. नेमलेल्या हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई, विंचूरचे सरदार माधवराव विंचूरकर आणि सावनूरचे नवाब. गव्हर्नर, त्याचं कार्यकारी मंडळ, अ‍ॅडव्होकेट जनरल आणि वर 4 ते 8 जादा सभासद; त्यातले निम्मे तरी बिनसरकारी. समोर आलेल्या बिलावर बोलायचं, एवढाच अधिकार. प्रश्न विचारता येत नसे, जमाखर्चावर चकार शब्द काढता येत नसे.

त्या एवढ्याशा फटीतून मंडलिक, तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी, दादाभाई, रानडे, मेहता आत गेले. 1892 च्या कायद्याने फट थोडी रुंदावली. जादा सभासद वीसपर्यंत वाढले, मुंबईची कॉर्पोरेशन, युनिव्हर्सिटी, मोफसलच्या, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या नगरपालिका, लोकल बोर्डं यांना नावं सुचवता येऊ लागली. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द मुद्दाम टाळला होता, लोकांनी मात्र तिला निवडणूकच म्हटलं. 1895 मध्ये मध्य भागाच्या लोकल बोर्डांकडून टिळक निवडून आले. प्रश्न विचारता येऊ लागले, सहा दिवस आधी नोटीस देऊन. अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, मत मात्र देता येत नव्हतं.

या कौन्सिलाला ‘सरकारच्या ताटाखालचं मांजर’ म्हणून निकालात काढायची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. हातात मत नाही, सत्ता नाही, तरी आकडे घेऊन उभं राहायचं, बिलाचं एकेक कलम सोडवायचं, हरणार हे ठाऊक असून विरोध नोंदवायचा. ही रीत तिथे घडली, आणि तिचं सगळ्यात मोठं टोक म्हणजे तो सभात्याग. त्याला महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात मानाचं पान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमचं काय मत?

---

बाणकोटची खाडी

लेख मन लावून वाचला. पण ताई, तुमच्या त्या यादीत कूळ कुठे आहे?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळाच्या घरातला. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘खोत’ (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) हा शब्द आला की तिचा आवाज आपोआप खाली जायचा. खोती जाऊन किती वर्षं झाली होती, तरी. खोताच्या अंगणातून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या, फणस उतरवला की पहिला त्याच्या घरी, लावणीला आधी त्याचं शेत, मग आपलं. हे तिने ऐकलेलं नव्हतं, केलेलं होतं.

आता तुमच्या कौन्सिलाकडे या. 1880 चा खोती कायदा याच कौन्सिलात झाला. खोताने कुळाकडून किती घ्यायचं, कुणाचा वहिवाटीचा हक्क धरायचा, सगळं त्यात ठरलं. त्या काळचे सगळ्यात विद्वान बिनसरकारी सभासद कोण, तर रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. मुरुडचे, आमच्याच दापोलीकडचे, आणि स्वतः खोत. त्यांनी बाजू मांडली खोतांची. मनापासून मांडली, अभ्यास करून मांडली, पण खोतांची. कुळाच्या वतीने बोलायला त्या सभागृहात हिंदी माणूस कोण होता? कुळाला जो काही थोडा आधार त्या कायद्यात मिळाला, तो सरकारी बाजूने आणला होता, हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही. पण तसंच घडलं.

खोती मोडायचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात 1937 साली आलं, आणणारे डॉ. आंबेडकर. खोती प्रत्यक्षात गेली स्वातंत्र्यानंतर. मधली सत्तावन्न वर्षं कुणाच्या हिशेबी धरायची?

---

पागडीची खोली

मुंबईकर म्हणून एक गोष्ट नोंदवतो, कारण वर तिचा उल्लेख राहिला.

आमच्या चाळीच्या जिन्यावर दोन वर्षांपूर्वी ‘354 ची नोटीस’ चिकटवली. इमारत धोकादायक, खाली करा. गिरगाव-लालबागकडच्या माणसाला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हे कलम ज्या कायद्याचं आहे तो मुंबई महानगरपालिका कायदा 1888 चा, मुंबई कायदे कौन्सिलाचा त्या वर्षीचा तिसरा कायदा. आज इतक्या दुरुस्त्यांनंतरही मुंबई त्यावरच चालते.

मूळ बिलात कॉर्पोरेशनचे हात बांधायचा बेत होता. शहरात ओरड झाली, आणि कौन्सिलात तेलंग आणि मेहता यांनी कलमाकलमाला झुंज देऊन ते बरंच बदलून घेतलं. 72 सभासदांची कॉर्पोरेशन ठरली. करदात्यांनी निवडलेले 36, जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले शहरातले प्रतिष्ठित) मंडळींनी निवडलेले 16, युनिव्हर्सिटीचे 2, चेंबर ऑफ कॉमर्सचे 2 आणि सरकारने नेमलेले 16. हे 1888 साली! सरकारनियुक्त सभासदांनीही एवढं करून दाखवलं. मग त्यांना होयबा कसं म्हणायचं?

---

माडाची वाडी

पागडीची खोली, करदाते म्हणजे कोण हेही लिहा ना. घरपट्टी भरणारे. गिरणीत बारा-बारा तास राबून एका खोलीत दहा जण झोपणारा त्या 36 पैकी एकालाही मत देऊ शकत नव्हता.

आणि आमचा विषय काढते. 1878 चा आबकारी कायदा, याच कौन्सिलाचा. ताडी-माडी काढणारा भंडारी पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढत होता. कायद्याने झाडागणिक कर बसला, परवाने आले, मक्ते दिले गेले, आणि माड ज्याचा त्याच्या हातातून धंदा मक्तेदाराच्या हातात गेला. ठाणे-कुलाब्याकडे तर 1892 च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरसुद्धा बंधन आलं. मोहाचं फूल! चैत्रात पहाटे झाडाखाली सडा पडतो, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवून ठेवतात, पावसाळ्यात घरात दाणा नसला की तेच शिजवून खातात. सरकारला त्यात फक्त दारू दिसली.

फिरोजशहांनी या सरकारी आबकारी धोरणावर टीका केली, ते मान्य. पण ठाकर-वारली-कातकरी त्या इमारतीच्या पायरीवर तरी उभा राहिला असता का?

---

पैनगंगा

थोडं वेगळं सांगतो. तुम्ही मुंबई इलाख्यातले लोक कौन्सिल चांगलं की वाईट यावर भांडताय. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे एकोणिसाव्या शतकात भांडायलाही काही नव्हतं. मध्य प्रांताचं कायदे कौन्सिल पहिल्यांदा बसलं 1914 ला. तोवर चीफ कमिशनर म्हणेल ती पूर्व दिशा. कापसाच्या पट्ट्यात सावकाराने काय केलं हे विचारायला एकही ‘ऑनरेबल’ नव्हता, खोतांच्या बाजूचासुद्धा नाही.

म्हणून जुनी-वही यांच्या बाजूने माझं मत. अपुरी जागा असणं आणि जागाच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

मांडवीचा धक्का

गोव्याहून एक भर. आमच्याकडे 1822 पासून लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी जात होते, म्हणजे मुंबईच्या चाळीस वर्षं आधी, आणि तेही निवडून. त्याने काय मिळालं? प्रतिनिधी बहुतेक मोजक्या वरच्या घराण्यांतले, भाषण पोर्तुगीजमध्ये, आणि गाव आपल्या जागी तसाच. बाणकोटच्या खाडीचं दुःख मला समजतं. सभागृह किती जुनं यापेक्षा तिथे कोण बसलंय, हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

---

फेरफार

मूळ प्रश्नाला, म्हणजे 1901 ला अजून कुणी हात घातला नाही. जमिनीच्या कागदांमध्येच आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ताई, राग मानू नका, पण तुमचं मानाचं पान मला मान्य नाही.

आधी त्या बिलात होतं काय? 1899-1900 च्या दुष्काळाने इलाखा मोडून पडला होता. साऱ्याची थकबाकी डोंगराएवढी. कायद्याप्रमाणे थकबाकीदाराची जमीन सरकारजमा होई, लिलाव होई आणि घेई कोण, तर ज्याच्याकडे रोकड तो. म्हणजे सावकार. बिलाचं म्हणणं होतं, की सरकारजमा झालेली जमीन त्याच कसणाऱ्याला परत देता यावी, पण एका अटीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता, गहाण टाकता येणार नाही. जुन्या सर्व्हे टेन्युअरवर शेतकरी जमीन हवी तशी विकू शकत होता. ही नवी धारणा. सातबारावर आज आपण ‘नवीन शर्त’ वाचतो ना, तिचं मूळ इथे आहे.

पाठीमागे काय घडलं होतं तेही आठवा. 12 मे 1875, भीमथडी तालुक्यातलं सुपे. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं, रोखे, वह्या जाळल्या. पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. त्यावर चौकशी होऊन 1879 ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो मुंबईच्या नव्हे, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांच्या आयुष्याचा प्रश्न, आणि इथल्या कौन्सिलाला त्याला हात लावायचीही मुभा नाही! बरं, 1901 ला जमीन सावकाराकडे जाण्याला अटकाव करणारं कलम पहिल्यांदाच याच कौन्सिलापुढे आलं, तेव्हा आपले पुढारी सभागृह सोडून बाहेर. केसरीनेही बिलाला जोरदार विरोध केला. टिळकांची भूमिका होती, की सावकार हा गावगाड्याचा भाग आहे, त्याला मोडून रयत तरणार नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. पणजोबांना अशीच अटीवर जमीन मिळाली, साडेतीन एकर, पडीक माळ. 1920 नंतरच्या फेरफारात नोंद आहे, मोडी लिपीत. तलाठ्याने लांब शेपटीच्या अक्षरात ‘नवीन शर्त’ लिहिलंय आणि खाली पणजोबांचा अंगठा. आजोबा सांगायचे, की पुढच्या पडत्या वर्षी पेठेतला सावकार घरी येऊन बसला, चहा प्यायला, कागद मागून घेतला, वाचला, आणि कपाळाला आठ्या घालून परत गेला. शेजारच्या दोन घरांच्या जमिनी जुन्या शर्तीच्या होत्या. त्या दोन्ही त्याच्या नावावर चढल्या. त्या घरांतली माणसं मग आमच्या बांधावरून आपल्याच शेतात मजुरीला जात.

तो माळ अजून आमचा आहे. ज्या अटीने तो राखला, तिच्या विरोधात ती पाच मोठी माणसं उठून गेली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्या उठून जाण्याबद्दल मी टाळ्या वाजवू शकत नाही.

---

जुनी-वही

फेरफार काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पणजोबांच्या अंगठ्यापुढे माझी छापील पानं हलकी वाटतात, हे आधीच कबूल करते. तरी विरोध कशाला होता हे मला सांगू द्या.

एक. जमीन ‘परत देण्या’आधी ती काढून घेतली जात होती, आणि काढून कधी घेतली जात होती? दुष्काळात. ज्या वर्षी सारा माफ व्हायला हवा होता, त्या वर्षी थकबाकी दाखवून खातं सरकारजमा करायचं आणि मग ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून हक्क कापून तीच जमीन हातात ठेवायची. मालकीच्या जागी मेहेरबानी आली. शिवाय जमीन ठरावीक मुदतीपुरतीच द्यायची मोकळीक सरकारने स्वतःकडे ठेवली. मुदत संपली की सरकार काय करील, याची हमी कागदावर कुठेही नव्हती.

दोन. सावकार वाईटच. पण तो गेल्यावर बी-बियाणाला, बैलाला, बाळंतपणाला पैसा कोण देणार? तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा अनुभव गावोगाव सारखाच होता: अर्ज, हेलपाटे, आणि पैसा येईतो पेरणी उलटलेली. गोखल्यांनी त्या चर्चेत नुसता ‘नको’ म्हटलेलं नाही. त्यांनी सरकारला पर्याय दिला. एखादा लहान मुलूख निवडा, तिथल्या शेतकऱ्यांची कर्जं सरकारने आपल्या अंगावर घ्या, नेहमीच्या गरजांसाठी शेतकी बँका काढा, आणि मग खुशाल त्या जमिनी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत असं जाहीर करा. म्हणजे जमिनीच्या हस्तांतरावर बंधन असावं, याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हताच. विरोध होता क्रमाला. आधी कर्जातून सोडवा, मग बांधा. सरकारने कर्ज तसंच ठेवलं आणि फक्त बांधलं.

तीन. बिल मांडलं मे महिन्यात, महाबळेश्वरला. खाली देशावर लोक दुष्काळी कामांवर खडी फोडतायत आणि त्यांच्या जमिनीचं बिल थंड हवेत मांडलं जातंय. त्यानंतर अर्जांचा पाऊस पडला, सभा झाल्या. तरी ऑगस्टमध्ये ते जसंच्या तसं पुढे रेटायचं ठरलंच होतं. ‘ऐकून घ्या’ एवढीच मागणी पडल्यावर बसून राहण्यात काय अर्थ उरला होता?

बाणकोटची खाडी, मंडलिकांबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करते. मी त्यांच्या विद्वत्तेकडे बघत राहिले, कोणाच्या बाजूने ती खर्च झाली ते लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, ही माझी चूक.

---

बाणकोटची खाडी

मान्य केलंत, बरं वाटलं. पण ‘अर्जांचा पाऊस’ याबद्दल विचारतो. अर्ज लिहिले कुणी? 1901 साली कुणब्याला अक्षर येत होतं का? लिहिणारा कुलकर्णी, मसुदा तालुक्याच्या वकिलाचा, आणि त्या वकिलाचे बाकीचे अशील कोण ते सांगायला नको. अंगठा कुणब्याचा. आमच्या आजीच्या सासऱ्याने किती कागदांवर अंगठा दिला आणि त्यात काय लिहिलं होतं, हे त्यालाही कधी कळलं नाही.

---

पैनगंगा

मग या तर्काने फेरफार यांच्या पणजोबांचा अंगठाही तसाच नाही का? त्यांनाही ‘नवीन शर्त’ म्हणजे काय हे कुणी विचारून अंगठा घेतला नसेल.

---

फेरफार

पैनगंगा, बरोबर आहे, विचारून घेतला नसणार. आणि या अटीने आम्हाला छळलंही. वडिलांना विहिरीसाठी कर्ज हवं होतं. नवीन शर्त बघितली की समोरचा माणूस फाइल मिटायचा. शेवटी बहिणीचे दागिने मोडून विहीर खणली. धाकट्या चुलत्याला वाटणी हवी होती, तर ‘अविभाज्य’ म्हणून ती कागदावर होईना, भावाभावांत दहा वर्षं अबोला. म्हणजे जुनी-वही म्हणतात तो धोका, की अट घालून सरकार मालक होऊन बसतं, तो आम्ही भोगलाय. अजूनही वर्ग दोनची, म्हणजे अशा अटीची जमीन वर्ग एक, म्हणजे बिनअटीची करायची तर नजराणा भरा. आपलीच जमीन, आणि आपणच नजराणा!

गोखल्यांची ती योजना मला माहीत नव्हती, म्हणजे इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हती. ‘आधी सोडवा, मग बांधा’ हे जर त्यांनी तेव्हा म्हटलं असेल, तर त्यांच्याबद्दलचं माझं मत बदलावं लागेल. बाकीच्या चौघांबद्दल मात्र मी थांबतो. मेहतांना रयतेला कर्ज मिळत राहण्याची काळजी होती की मालमत्तेच्या हक्काची, हे तुम्ही त्यांचं भाषण समोर ठेवून दाखवा.

---

माडाची वाडी

तुम्ही सगळे जमीन असलेल्यांबद्दल बोलताय.

1874 चा वतन कायदाही याच कौन्सिलाचा. पाटील-कुलकर्ण्यांची वतनं त्यात आली, आणि महारांचंही वतन आलं. गावकीची सगळी वेठ, निरोप पोचवणं, मेलेली गुरं ओढणं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं, आणि मोबदला म्हणून जमिनीचा एक तुकडा नि भाकरीचा बलुता. कायद्याने त्या वेठीला सरकारी शिक्का मिळाला. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात नेमक्या याच 1874 च्या कायद्याला दुरुस्ती आणली. चोपन्न वर्षं लागली, त्या सभागृहात असा माणूस पोचायला, ज्याच्या घरी त्या कायद्याचा अर्थ पुस्तक न उघडता ठाऊक होता. त्याआधी 1923 ला सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा ठराव आणला, तोही तिथेच.

फेरफार काका, तुमच्या पणजोबांच्या बांधावरून मजुरीला जाणाऱ्यांचं तुम्ही लिहिलंत. त्या मजुरांच्याही पलीकडे, गावकुसाबाहेर जे होते, त्यांच्यासाठी 1901 ला कुणीही आत बसलं नाही आणि कुणी बाहेरही गेलं नाही.

---

पागडीची खोली

माडाची वाडी, हे वाचून गप्प झालो. पण एक मनातलं बोलतो, चुकत असेन तर सांगा. आंबेडकरांनी दुरुस्ती आणली ती बिल मांडून, कलमं वाचून दाखवून, प्रश्न विचारून. ही सगळी हत्यारं त्या सभागृहात आली कुठून? प्रश्नाचा हक्क 1892 चा. बिनसरकारी माणसाने बिलाची चिरफाड करायची पद्धत तेलंग-मेहतांच्या वेळची. हत्यार घडवणाऱ्याने ते कुणासाठी घडवलं, आणि पुढे ते कुणी उचललं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

माडाची वाडी

वेगळ्या आहेत, पटतं. पण मग घडवणाऱ्याच्या नावाचा जयघोष करताना, ज्यांनी ते उचललं त्यांनी किती धार काढली तेही सांगा. नुसतं ‘तिथे रीत घडली’ म्हटलं की वाटतं, रीत आपोआप खालपर्यंत झिरपली. ती झिरपली नाही. ओढून आणावी लागली.

---

जुनी-वही

‘ओढून आणावी लागली’ हे माझ्या मूळ लेखात नाही, आणि असायला हवं होतं.

सभात्यागाबद्दल मी अजून ठाम आहे. माझ्या लेखी तो सावकारासाठी नव्हता. पण त्या पाच जणांना ‘रयतेचे प्रतिनिधी’ म्हणायचा मोह मी आता टाळेन. त्यातल्या बहुतेकांना कॉर्पोरेशनने, नगरपालिकांनी आणि बोर्डांनी पाठवलं होतं, आणि बोर्डांवर कोण बसत होतं हे बाणकोटची खाडी यांनी न लिहिताही कळतं.

फेरफार काका, मेहतांचं भाषण मी पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात जाऊन पुन्हा काढते. हाताने उतरवून, मराठीत करून इथे टाकते, माझ्या बाजूचं आणि विरुद्धचं दोन्ही. एक विनंती. तुमच्या पणजोबांच्या त्या मोडी फेरफाराचा फोटो टाकाल का? गावाचं नि माणसांचं नाव झाकून. मला तो शब्द त्या अक्षरात बघायचा आहे.

---

फेरफार

टाकतो. कागद घडीवर फाटलाय, पुतण्याला सांगून नीट सपाट करून फोटो काढायला लावतो. ‘शर्त’ शब्दावरच घडी आलीय, पण वाचता येतं.